पहिलें दान, पहिलें पाऊल

ज्याला खेळ नवा आहे त्यानें आरंभीं काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटतो. आम्हांसहि तो तसाच वाटत होता. परंतु गेल्या आश्विनांत आमच्या टेंभुर्णीच्या घरीं जें घडलें त्यावरून ह्या प्रश्नाचा विचार मुलांपेक्षां वडील माणसांनींच अधिक करावा असें आमचें मत झालें आहे. म्हणून ह्या महिन्यांत वाचकांपुढें तोच विषय मांडीत आहों.

आमचा धाकटा नातू पुण्यास शिकतो. वय वर्षें बारा. सुटींत तो येथें आला, आणि दुसऱ्याच दिवशीं संध्याकाळीं भरल्या पानावरून उठला. आई रागावली, आजीनें समजूत घातली. पण स्वारी माडीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. कारण विचारतां कळलें कीं, तो खेळांत हरला होता. खेळ भ्रमणध्वनीच्या पडद्यावरचा. सिड मायर ह्यांचा ‘सिव्हिलायझेशन’ नांवाचा खेळ १९९१ मध्यें निघाला. त्या जातीचे खेळ आतां पुष्कळ झाले आहेत. चार मित्र आपापल्या घरीं बसून एकच डाव खेळतात. प्रत्येकाला आरंभीं लहानसें एक गांव मिळतें. मग पाळीपाळीनें कोणी नवें गांव वसवावें, कोणी शेती वाढवावी, कोणी रस्ता करावा, कोणी विद्या शिकावी, कोणी सैन्य उभें करावें. एका पाळींत सर्वच करतां येत नाहीं. एक निवडलें कीं दुसरें राहतें. सगळी खुबी ह्या निवडीची.

आमच्या नातवानें काय निवडलें? पहिल्या पाळीपासून शिपाई. दहा पाळ्या होतात न होतात तोंच त्यानें शेजारच्या मित्रावर चाल केली आणि त्याचें गांव घेतलें. मोठा आनंद झाला. तो मित्र बुडाला. पण मरतां मरतां ह्याचे निम्मे शिपाई घेऊन बुडाला. इतका वेळ तिसरा मित्र कोणाच्या अध्यांत ना मध्यांत. त्यानें एकाचीं पांच गांवें केलीं होतीं. तो आला आणि विजेता व पराजित अशा दोघांनाहि गिळून बसला.

“आजोबा, मी आधीं मारलं म्हणून चुकलं का?” त्यानें विचारलें.

आम्ही पडलों मास्तर. उत्तर जिभेवर तयार होतें. म्हणालों, “आधीं घर बांधावं, मग भांडावं.”

त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “पण घर बांधून झालं, हें कसं ओळखायचं? बांधतच राहिलं तर दुसरा येऊन मारील.”

ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तीस वर्षें मुलांना प्रश्न विचारण्यांत गेलीं. परंतु असा नेमका प्रश्न आम्हांस क्वचितच कोणीं विचारला असेल. “उद्यां सांगतों,” असें म्हणून आम्ही खालीं आलों. वर्गांत उत्तर येत नसे तेव्हां आम्ही हेंच करीत असूं.

रात्रीं झोंप येईना, तेव्हां जुन्या संस्कृत अभ्यासांतली एक गोष्ट आठवली. चौघांनीं पाळीपाळीनें खेळण्याचा राज्याचा खेळ आपल्या देशांत फार जुना आहे. अल्-बिरूनीनें १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयीं जो ग्रंथ लिहिला त्यांत फांसे टाकून चौघांनीं खेळावयाच्या बुद्धिबळाचें वर्णन आहे. आमच्या सोलापूर प्रांतावर ज्या कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य होतें, त्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासां’तहि राजांच्या विनोदांमध्यें बुद्धिबळाचें प्रकरण आहे. आणि सोळाव्या शतकांत वंगदेशीय रघुनंदन भट्टाचार्यांनीं ‘तिथितत्त्व’ ह्या ग्रंथांत चौघांच्या चतुरंगाचे नियम दिले आहेत. ते कोठें दिले आहेत म्हणाल, तर कोजागरी पौर्णिमेच्या विधींत! त्या रात्रीं जागावयाचें, नारळ व पोहे खावयाचे आणि खेळावयाचें. मग खेळ कोणता, तर हा. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७९० च्या सुमारास ह्या खेळावर इंग्रजींत निबंध लिहिला. पुढें डंकन फोर्ब्स ह्यांनीं १८६० मध्यें, हाच सर्व बुद्धिबळांचा मूळपुरुष, असा सिद्धांत मांडला. तो मरे ह्यांनीं १९१३ मध्यें आपल्या बुद्धिबळाच्या इतिहासांत खोडून काढला. तो वाद पंडितांचा. आम्हांस हवा होता खेळ. आणि कोजागिरी चार दिवसांवर आली होती.

सूनबाईंनीं जुन्या चादरीवर आठ गुणिलें आठ अशीं चौसष्ट घरें शिवलीं. घरांतल्या बुद्धिबळाच्या जुन्या संचांतले मोहरे तांबडे, हिरवे, पिवळे व काळे रंगविले. प्रत्येकाचें सैन्य आठांचें : राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादीं. आपल्याकडे नौका नसते, म्हणून नातवानें कागदाच्या चार होड्या केल्या. सुतारानें लांबट, चार बाजूंचा फांसा करून दिला. त्यावर २, ३, ४ व ५ असे ठिपके. पांचाचें दान पडलें तर राजा किंवा प्यादें हलवावें, चारास हत्ती, तिनास घोडा, दोहोंस नौका. हत्ती व घोडा आपल्या नेहमींच्या चालीनें जातात. नौका मात्र तिरपी उडते. मधलें घर ओलांडून नेमकी त्यापलीकडच्या घरांत. राजा चारी बाजूंस व तिरपा एकेक घर. येथें शह देऊन थांबावयाचें नाहीं. राजा खरोखरच मारला जातो.

मांडणी अशी : आपल्या डाव्या हाताच्या कोपऱ्यांत नौका, तिच्या उजवीकडे घोडा, मग हत्ती, मग राजा; आणि चौघांपुढें चार प्यादीं. राजाच्या उजवीकडे पट रिकामा. चारही बाजूंस चौघे असेच बसले कीं चौसष्टांपैकीं बत्तीस घरें भरतात.

पुढचे तीन दिवस नातू व आम्ही दोघेच पट मांडून बसलों. हरणें-जिंकणें बाजूला ठेवून, पहिल्या सहासात दानांत काय करावें एवढेंच पाहत होतों. त्यांतून जें निघालें तें नवशिक्या वाचकांसाठीं येथें देतों.

पहिली गोष्ट आम्हांस आढळली ती भयंकर होती. आपल्या उजव्या हाताला जो शेजारी बसतो त्याची नौका एक उडी मारते आणि लगेच आपल्या राजावर तिची नजर पडते! अजून कोणीं कोणाचें वांकडें केलेलें नाहीं. पण त्याला पुन्हां दोहोंचें दान पडलें कीं आपला राजा गेला. नौका उडत येते, म्हणून मध्यें प्यादें घालून उपयोग नाहीं. ह्याला उपाय एकच : आपणांस पहिला पांच पडतांच राजा हलविणें. नवशिका नेमकें हेंच करीत नाहीं. पांच पडला कीं त्याला प्यादें पुढें ढकलण्याचा मोह होतो. कारण प्यादें पुढें गेलें कीं कांहीं तरी केल्यासारखें वाटतें, आणि राजा सरकला कीं भ्याल्यासारखें वाटतें. आमच्या नातवाचें म्हणणें तेंच. “राजानं पळायचं?” असें तो म्हणाला. पण पटाकडे नीट पाहावें. राजा उजवीकडे तिरपा एक घर पुढें सरकला, तर त्या घरापर्यंत कोणतीच परकी नौका कधींहि पोहोंचत नाहीं. शिवाय तो हलल्यामुळें हत्तीची उजवी बाजू मोकळी होते. एका पावलांत दोन कामें झालीं. ह्याला पळणें म्हणत नाहींत. ह्याला घराची व्यवस्था म्हणतात.

दुसरी गोष्ट हत्तीची. आरंभीं हत्तीच्या एका बाजूस घोडा, दुसऱ्या बाजूस राजा व समोर आपलेंच प्यादें. चारांचें दान पडलें तर सर्वांत बलाढ्य मोहरा जागच्या जागीं उभा, आणि दान फुकट. चार दानांतलें एक दान असें जातें. तें टाळण्यासाठीं कोणी हत्तीपुढचें प्यादें एक घर सरकवितो, आणि स्वतःचीच नौका कोंडून बसतो. कारण कोपऱ्यांतल्या नौकेला पहिली उडी मारण्यास एकच घर आहे, कोपऱ्यापासून तिरपें तिसरें. आणि तें प्यादें नेमकें तेथेंच येतें. घोड्यालाहि तेंच घर आवडतें. एका घरावर आपल्याच तिघांचा डोळा! एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना ही स्थिति समजावून सांगण्याची गरज नाहीं. कोणी कोणासाठीं वाट मोकळी ठेवावी हें आधीं ठरलें नाहीं, तर शत्रूला यावेंच लागत नाहीं.

तिसरी गोष्ट नौकेचीच, आणि ती सर्वांत मौजेची. प्रत्येक नौकेला चौसष्टांपैकीं अवघीं आठ घरें मोकळीं असतात. आणि चौघांचीं तीं आठ आठ घरें इतकीं वेगळीं कीं एक नौका दुसरीच्या घरांत जन्मांत शिरूं शकत नाहीं. म्हणजे नौकेनें नौका मारणें अशक्य. अपवाद एकच. पटाच्या मध्यभागीं जीं चार घरें आहेत, त्यांतलें एकेक घर एकेकीच्या वांट्याला येतें. तिघांच्या नौका तेथें येऊन बसल्या आणि चौथ्यानें आपली नौका चौथ्या घरांत आणली, कीं तो बाकीच्या तिन्ही घेतो. ह्याला शास्त्रांत ‘बृहन्नौका’ असें नांव आहे. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत दोनच उड्या. तेव्हां नवशिका दुसऱ्या दोहोंस मोठ्या तोऱ्यानें मध्यें जाऊन बसतो. मध्य जिंकला असें त्यास वाटतें. वास्तविक जो पहिल्यानें गेला तो फक्त वाट पाहत बसला. जिंकतो तो शेवटीं येणारा.

चौथी गोष्ट एका वाक्यांत सांगतां येते. दूर पाठविलेला हत्ती चार पडल्याशिवाय परत येत नाहीं. शेजाऱ्याच्या दारांत तो गेला, आणि घरीं संकट आलें, तर फांसा आपले ऐकणार नाहीं. जाण्याचें दान आपल्या हातीं नव्हतें, तसें येण्याचेंहि नाहीं. प्याद्याची कथा निराळी. तें समोरच्या कांठास पोहोंचलें तर त्याचा दर्जा वाढतो, ह्याला ‘षट्पद’ म्हणतात. पण त्याला सहा पावलें चालावीं लागतात, आणि तीं सहाहि पांचाच्या दानावर. तेव्हां तो उद्योग घर सावरल्यावरचा.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं नातू एकाएकीं म्हणाला, “आजोबा, कळलं! कुठलंहि दान पडलं तरी फुकट जात नाहीं, म्हणजे घर बांधून झालं.”

आम्हीं पटाकडे पाहिलें. राजा सरकलेला, हत्तीची वाट मोकळी, घोडा बाहेर, नौका आपल्या पहिल्या घरांत. दोन पडो, तीन पडो, चार पडो कीं पांच पडो, कांहींना कांहीं उपयोगाचें करतां येत होतें. त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्यानेंच दिलें होतें, आणि तें आमच्या उत्तराहून चांगलें होतें. त्यापूर्वीं भांडणें म्हणजे चारांतलें एक दान बुडीत धरून भांडणें. त्यानंतरहि नुसतें बांधीत राहणें म्हणजे भिणें.

आतां कोजागिरीची रात्र. खेळावयास चौघे हवे. आम्ही, सूनबाई व नातू मिळून तिघे. चिरंजीव कामावर, आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, मला दूध आटवूं द्या. चौथा गडी कोठून आणावा?

येथें आम्हांस आमच्याविषयीं थोडें लिहिणें प्राप्त आहे. बोळापलीकडे आमचे धाकटे बंधु राहतात. वडील वारल्यावर वाटणी झाली ती गोडीनें झाली. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून एका उन्हाळ्यांत शब्दाला शब्द लागला. त्यांनीं कांहीं करण्यापूर्वींच आम्हीं वकिलामार्फत नोटीस धाडली. आधीं मारील तो जिंकेल, हा आमच्या नातवाचा न्याय आम्हीं पन्नाशींत चालविला होता. आमच्या मुलीचें लग्न व्हावयाचें होतें, घराचें छप्पर गळत होतें, उसाचें बेणें लावावयाचें होतें. म्हणजे पटावर एकहि मोहरा जागेवर नव्हता, आणि हत्ती मात्र शेजाऱ्याच्या दारांत. नऊ वर्षें तारखा चालल्या. शेवटीं तडजोड झाली ती पहिल्याच दिवशीं होऊं शकली असती अशीच. दरम्यान खर्चापायीं त्यांनीं व आम्हीं रस्त्याकडची एकेक पट्टी विकली. टेंभुर्णी हें पुणें-सोलापूर रस्त्यावरचें नाक्याचें गांव. पंढरपूर व कुर्डुवाडीकडच्या वाटा येथूनच फुटतात. रस्त्याकडच्या जमिनीला आतां काय भाव आहे हें येथील लहान मूलहि सांगेल. दोन्ही पट्ट्या ज्यानें घेतल्या तो त्या नऊ वर्षांत कोणाशींच भांडला नव्हता. त्यानंतर दोन्ही घरांचें जाणेंयेणें बंद होतें. बायका एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावीत. आम्ही दोघे मात्र बोळांतून मान खालीं घालून जात असूं.

आम्ही चौथ्याचा विचार करीत आहों तोंच नातू उठला व चपला घालून बोळाकडे निघाला. “कुठं चाललास?” आम्हीं विचारलें. “धाकट्या आजोबांना बोलवायला. चौथा नको का?” आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच तो गेला. त्याच्या दृष्टीनें हा पटाचा प्रश्न होता. तीन बाजू भरल्या, एक रिकामी.

पाव घटकेनें दारांत खोकल्याचा आवाज आला. बंधु उंबऱ्याशीं उभे. आम्ही म्हणालों, “ये.” ते म्हणाले, “पोरगं ऐकेना, दादा.” एवढेंच बोलणें झालें. सूनबाईंनीं पाट मांडला.

तांबडें सैन्य आमचें, पूर्वेस. दक्षिणेस, म्हणजे आमच्या डाव्या हाताला, हिरवें घेऊन बंधु बसले. पश्चिमेस पिवळें नातवाचें व उत्तरेस काळें सूनबाईंचें. आमचें पहिलेंच दान दोन! नौका उडाली आणि बंधूंच्या राजावर नजर लावून बसली. त्यांना पांच पडेना. दोन फेऱ्या झाल्या. मधल्या दानांत त्यांची नौका पुढें आली, नातवाचीहि आली. तिसऱ्या फेरींत आमचा फांसा पुन्हां दोहोंवर थांबला.

एक घर असें कीं बंधूंचा राजा मरतो. दुसरें पटाच्या मध्यभागचें. नातू आमच्याकडे पाहत होता. बंधु पटाकडे पाहत होते. वर पाहत नव्हते. आम्हीं नौका मध्यें नेऊन ठेवली.

“आजोबा! तुम्हींच सांगितलंत ना, मध्यें पहिल्यानं जायचं नाहीं?” नातू ओरडला.

नियम शोधणारे आम्ही, मोडणारेहि आम्हीच. पुढच्याच दानास बंधूंना पांच पडला आणि त्यांचा राजा तिरपा सरकला. हें घर त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें. मग त्यांची नौका मध्यें आली, तिच्या मागून नातवाची. सूनबाई इतका वेळ दुधाकडे एक डोळा ठेवून खेळत होत्या. त्यांना दोन पडलें. त्यांनीं आपली कागदी होडी चौथ्या घरांत ठेवली आणि शांतपणें आमच्या तिघांच्या होड्या उचलल्या. “मामंजी, ही तुमची बृहन्नौका ना?” बंधु मोठ्यानें हंसले. तें हसणें आम्हीं कितीतरी वर्षांत ऐकलें नव्हतें.

डाव पुढें सूनबाईंनींच जिंकला. दूध पिऊन बंधु चंद्र डोक्यावरून ढळल्यावर घरीं गेले. विहिरीचा विषय निघाला नाहीं. रस्त्याच्या पट्ट्या कांहीं परत येणार नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांच्याकडून निरोप आला कीं, फांसा जरा घासून घ्यावा, दोहोंची बाजू जड वाटते. आम्हीं सुताराकडे पाठविला आहे.

वाचकांपैकीं कोणास हा खेळ मांडावयाचा असेल तर एक जुनी चादर व एक फांसा एवढेंच भांडवल लागतें. नवशिक्यानें आमचीं सूत्रें ध्यानांत धरावीं : पहिल्या पांचास राजा सांभाळावा, आपल्याच माणसांची वाट अडवूं नये, मध्यभागाचा लोभ धरूं नये, आणि कोणतेंहि दान फुकट जाणार नाहीं अशी मांडणी झाल्यावांचून कोणाच्या दारांत हत्ती नेऊं नये. चौथ्या गड्याची अडचण पडल्यास आधीं बोळापलीकडे पाहावें.